पत्र्याच्या पेटीवरचा ठेका

फुलपाडा, विरार
गुरुवार, जानेवारी १९९९. दिवेलागणी.

पत्र्याच्या पेटीवर बोटांनी धरलेला तो ठेका आज सारखा कानात वाजतोय. माझा सुधीर शाळेतली कविता पाठ करताना पेटी बडवायचा, आणि मी दाढी करता करता पुढचं कडवं उचलायचो. त्याच बोटांना आता चहाचा कप धरवत नाही.

दारू सोडली त्यानं. मला वाटलं, सुटलो. पण तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर मीच चिडलो. "एक व्यसन गेलं, आता हे दुसरं?" म्हणत परवा सगळ्या मोरीत टाकल्या. तो पुन्हा भिंतीकडे वळला. तेव्हा तरी मला कळायला नको?

आज डॉक्टरांना भेटलो. म्हणाले, "काका, दारू आणि ही उदासी पुष्कळदा जोडीनं असतात. एकीवरच औषध करून कसं भागेल? गोळ्या मध्येच तोडू नका हं." मोरीचं सांगायला जीभ उचलली नाही.

नव्या गोळ्या घेऊन घरी आलो, तर सुधीर नाही. चपलाही नाहीत. कोपऱ्यावरच्या बारपर्यंत गेलो, आत डोकावायचा धीर झाला नाही. पेटीवर बसून लिहीत होतो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सूनबाई, दिवाळीपासून तुळिंजला माहेरी राहिलेली. मागे मान खाली घालून सुधीर.

"बाबा, हे आमच्याकडे आले होते, गोळ्यांचं सगळं सांगितलं यांनी. गोळ्या कुठं टाकल्यात ते आधी सांगा, मग आत येते."