चित्र क्रमांक तीन

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६.२०
डायरीची जानेवारीची सगळी पानं कोरी. जानेवारीत थंडी होती. आजपासून रोज लिहिणार. सहाला उठणार (आज उठलो, वीस मिनिटं इकडेतिकडे). रात्रीचा भात बंद. आणि मुख्यालयाला पाठवायचा अहवाल स्वतः करणार, एकहाती, कुणाच्या पाया न पडता.

रात्री ९.००
सुमनने मसालेभात केला होता. त्याला भात म्हणत नाहीत.

प्रकरण इथे नीट लिहून ठेवतो, पुढेमागे मलाच उपयोगी. बराकपूरला एका हवालदाराची विधवा राहते. आमच्या पेन्शन ऑफिसने ऑक्टोबरात तिची ‘मृत’ अशी नोंद केली. बाई जिवंत. जानेवारीत मुलाने तिला टॅक्सीतून ऑफिसात आणलं आणि माझ्यासमोर बसवलं. तिने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. पेन्शन पुन्हा सुरू झाली. माझ्या मते विषय संपला. मुख्यालयाच्या मते नाही. चूक कुणाची, हे त्यांना १४ तारखेपर्यंत हवंय. वर्डमध्ये, जुन्या पोर्टलच्या स्क्रीनशॉटसह, ‘सुस्पष्ट व वाचनीय’. जुनं पोर्टल आता फक्त माझ्या मशीनवर उघडतं, तेही महिनाअखेरीस बंद.

नोंद भरली शर्मिष्ठा हालदारने. कॉन्ट्रॅक्टवरची ऑपरेटर, नऊ वर्षं इथेच. तीही बराकपूरचीच, रोज लोकलने सियालदह आणि तिथून बसने येते. तिने भरायचं, मी मंजूर करायचं, अशी पद्धत. ती म्हणते, मंजूर करू नका असा शेरा तिने खालच्या चौकटीत लिहिला होता. तो अहवालात वाचता आला तर ती सुटली. नाही आला तर एक मार्चला कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकणार नाही. म्हणजे सगळं चित्र क्रमांक तीनवर. मी तिला सांगितलं, निर्धास्त राहा. अठ्ठ्याण्णव साली मी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. ती म्हणाली, ठीक आछे स्यार.

बुधवार, ५ फेब्रुवारी
मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढला. फोटोत ट्यूबलाइट उत्तम आली. माझं टक्कल उत्तम आलं. शेरा आला नाही. मॉनिटर निकृष्ट आहे. खरेदी कमिटीवर मी होतो, पण माझं कोण ऐकतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
प्रिंट स्क्रीन नावाचं बटण सापडलं. वर्डमध्ये पेस्ट केलं. सबंध स्क्रीन आली, आणि शेजारी उघडी असलेली ‘गुडघेदुखीवर घरगुती उपाय’ ही खिडकीसुद्धा. अक्षरं मुंगीएवढी. कोपरा धरून चित्र ओढलं, तर मुंग्यांचे मुंगळे झाले, पण मुंगळेही वाचता येईनात. बाजूची कड ओढली तर सगळी अक्षरं दबून बुटकी झाली. तीन तास गेले. वर्ड बनवणाऱ्यांनी सरकारी काम कधी केलेलं नाही.

शर्मिष्ठा दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, मी लावून देऊ का. म्हटलं, हे गोपनीय आहे. तिच्या मुलीची सोमवारपासून माध्यमिक परीक्षा आहे, म्हणजे इथली दहावी. त्या दिवसांत रजा घेऊ नये असं मी सुचवलं. तिच्याच हितासाठी, आत्ता गैरहजर दिसायला नको.

शनिवार, ८ फेब्रुवारी
बंगळूरहून मानसीचा व्हिडिओ कॉल. संकल्पानुसार मदत मागितली नाही, फक्त विषय काढला. ती हसत सुटली. बाबा तू ड्रॅग काय करतोस म्हणाली. मग सांगितलं: आधी ब्राउझरमध्येच झूम वाढव, मग हवी तेवढीच चौकट कापून घे, पीएनजीत ठेव. आणि वर्डच्या ऑप्शन्समध्ये जाऊन चित्रं दाबू नकोस अशी एक खूण असते, ती कर. वर्ड आपणहून चित्रं दाबतं म्हणे, फाईल लहान राहावी म्हणून. न सांगता! आयुष्यभर आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो तेच आपलं चित्र दाबतं. सगळं लिहून घेतलं. पोरीच्या मराठीत हिंदी शिरलंय, पण डोकं माझं आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपारी
जमलं. पहिल्याच फटक्यात. काचेसारखं स्वच्छ.

शेरा इंग्रजीत आहे. मराठीत असा: ‘जोडलेला मृत्यूचा दाखला पतीचा आहे. बाई माझ्यासमोर बसल्या आहेत. मंजूर करू नये, परत पाठवावे.’

खाली मंजूर करणाऱ्याचं नाव. माझं. वेळ संध्याकाळी ५.५२. त्याच्या वरच्या नोंदीची वेळही ५.५२. तिच्या वरचीही.

रात्री
जेवण गेलं नाही. फ्लॉवर गार होता.

तो कोजागिरीचा दिवस होता. इथल्या मराठी मंडळात साडेसहाला कार्यक्रम, दूध आटवायची जबाबदारी माझ्याकडे. बासष्ट प्रकरणं पडून होती. पोर्टलवर ‘सर्व मंजूर’ असं बटण आहे. बटण आहे म्हणजे ते दाबायला आहे. सगळेच दाबतात. आणि ऑपरेटरने अडलेलं प्रकरण पुढे पाठवायचंच कशाला? (परत पाठवायचं बटण फक्त माझ्या लॉगिनला आहे, हे खरं. पण ती येऊन सांगू शकली असती.) (दुसऱ्या दिवशी ती आली होती. मी फोनवर होतो. बघतो म्हणालो होतो.)

मंगळवार, ११ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. मी तीस एप्रिलला निवृत्त होतोय. त्याआधी दक्षता विभागाचा ना-हरकत कागद लागतो. या वयात एका बटणापायी चौकशी लागली तर कागद अडकेल, कागद अडकला तर पुण्याचा फ्लॅट, सुमनचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळंच. तरीही सत्य ते सत्य. चित्र स्पष्टच जाणार. बापटांच्या घरात कुणी खोटं बोललेलं नाही.

फक्त एक तांत्रिक अडचण. स्पष्ट चित्रांमुळे फाईल अठरा एमबीची झाली आहे. एवढी जड फाईल वरिष्ठांना पाठवणं बरं दिसत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
ती दाबू-नकोस-ची खूण काढून टाकली. केवळ वजनासाठी. फाईल दोन एमबी. छान सुटसुटीत. चित्र तीन थोडं मऊ दिसतं, पण ज्याला वाचायचंच आहे तो वाचेल.

शर्मिष्ठाने पाहायला मागितलं. लांबून दाखवलं. म्हणाली, स्यार, शेरा पढ़ा नहीं जाता. म्हटलं, तुझ्या चष्म्याच्या नंबरचा प्रश्न असेल, डोळे तपासून घे. मुलीचा इंग्रजीचा पेपर बरा गेला का, हे मी आठवणीने विचारलं. माणसाने माणुसकी सोडू नये.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सुमनला सगळं सांगितलं. म्हणजे पोर्टल किती हळू चालायचं ते सांगितलं. तिने एकच विचारलं, तुम्ही शेरा वाचला नव्हता का. मी म्हटलं, प्रश्न वाचण्याचा नाही, रिझोल्यूशनचा आहे. ती म्हणाली, मग वाचला नव्हता असं लिहा आणि मोकळे व्हा. बायकांना ऑफिस कळत नाही. पानावरून उठलो.

रात्री उशीवर ठरवलं: उद्या स्पष्ट चित्रच लावणार. निर्णय झाला. हलकं वाटलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०
अहवाल गेला.

सकाळी खरोखर स्पष्ट चित्र लावलं होतं, देवाशपथ. पण कार्यालयीन पद्धत अशी की प्रत्येक पानाची प्रिंट काढायची, सही करायची, शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि ते स्कॅन पाठवायचं. आमचा प्रिंटर टोनर वाचवणारा, स्कॅनर त्याच्याही आधीचा. शिवाय चित्र तीन असलेल्या पान सहावर शिक्क्याला जागाच नव्हती. समास डावीकडे होता, खाली होता, पण शिक्का ज्या जागी पडायचा तिथे पडतो. चित्राच्या खालच्या चौकटीवर पडला. गोल, जांभळा, ठसठशीत. आजवरचा माझा सर्वांत स्पष्ट शिक्का.

पान पुन्हा काढता आलं असतं. पाच वाजून गेले होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
मुख्यालयाचं मेल: ‘चित्र क्र. ३ मधील शेरा वाचता येत नाही. शुक्रवार २१ पर्यंत स्पष्ट प्रत पाठवावी. अन्यथा उपलब्ध मजकुरावरून निर्णय घेतला जाईल.’

म्हणजे देवाने दुसरी संधी दिली. स्वच्छ पीएनजी डेस्कटॉपवरच आहे. मेलला जोडायचं, पाठवायचं. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांच्या कामाला तीन दिवस आहेत, तेव्हा आज घाई नको.

शर्मिष्ठाला मेलचं सांगितलं. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, अच्छा हुआ स्यार, उन्होंने पूछा तो सही. मला तिचं ते बोलणं फार लागलं, का ते कळेना.

बुधवार, १९ फेब्रुवारी
मंडळात शिवजयंती. माझं भाषण झालं, विषय ‘न्यायी राज्यकर्ता’. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, यावर टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष ओंकारराव म्हणाले, बापट, आवाज भरून आला होता तुमचा. खरंच आला होता. मलाही आश्चर्य वाटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
सर्दी. रजा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.१५
पाठवलं. स्कॅन केलेलं तेच पान, मात्र चित्र दोनशे टक्के मोठं करून. विषय: ‘अधिक स्पष्ट प्रत सादर’. मोठं म्हणजे स्पष्टच, सामान्य माणूस असंच समजतो. शिक्काही दोनशे टक्के झाला, त्याला इलाज नाही.

पीएनजी का जोडलं नाही? सही-शिक्क्याशिवाय मूळ चित्र पाठवलं तर नियमबाह्य होतं. हे मला ऐन वेळी आठवलं. नियम माझ्या लक्षात राहतात, हा माझा दोष.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
निर्णय आला. ऑपरेटरने पतीचा दाखला पत्नीच्या नावे जोडून प्रकरण पुढे पाठवलं. शेरा लिहिल्याचा तिचा दावा कागदावरून सिद्ध होत नाही. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवू नये. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने यापुढे दक्ष राहावे. ‘यापुढे’ म्हणजे दोन महिने. राहीन.

तिला केबिनमध्ये बोलावून मीच सांगितलं, दुसऱ्याने सांगण्यापेक्षा बरं. ती रडेल म्हणून पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. रडली नाही. परीक्षा संपली का विचारलं. संपली म्हणाली. मग म्हणाली, स्यार, त्या चित्राची साफ कॉपी तुमच्याकडे असेल तर मला द्या. दुसऱ्या एजन्सीकडे जायचं तर दाखवायला काहीतरी हवं, नाहीतर जिवंत बाईला मारणारी म्हणून कोण घेईल. मी म्हटलं, शोधतो. शोधायला काय, डेस्कटॉपवर आहे. पाणी तसंच राहिलं, मग मीच प्यायलो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. दुपारी ४.००
जुनं पोर्टल पाचला बंद होणार. तिच्या टेबलावरून तिने मुलीचा फोटो, टिफिन आणि एक शाल नेली. बाकी काही नव्हतं. सगळ्यांनी मिळून संदेश मिठाई आणली होती, नोलेन गुडाची, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची. मी निरोपाचे चार शब्द बोललो. प्रामाणिक, वक्तशीर असं म्हणालो. ती खाली बघत होती.

पीएनजी तिला मेल करायला घेतलं. पत्ता टाकला. मग वाटलं, ते तिने कुठे पुढे पाठवलं तर? तिच्या भल्याचंच आहे, पण लोक अर्थ काढतात. ड्राफ्टमध्ये ठेवलंय. सोमवारी पाठवतो.

शनिवार, १ मार्च. सकाळी ११.००
उशिरा उठलो. चहा घेत होतो, तेवढ्यात शर्मिष्ठाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एक फोटो आणि त्याखाली चार ओळी. लिहिलंय: स्यार, साफ कॉपी शोधत बसू नका. तुमच्या हातून मिळावी म्हणून मागितली होती. तुम्ही मंजूर केलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईलवर हा फोटो काढून ठेवला होता. आपल्याला ओलांडून थेट मुख्यालयाला पाठवणं बरं नव्हे, आणि आपण पाठवतो म्हणाला होतात, म्हणून पाठवला नाही. प्रणाम.

फोटो मॉनिटरचाच आहे. त्याच खरेदीतल्या मॉनिटरचा. ट्यूबलाइट नाही, काही नाही. एकेक अक्षर दिसतं.

उत्तर लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. लाज वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कुणी वाचत नाही.

सुमनने विचारलं, कुणाचा मेसेज. म्हटलं, ऑफिसचा. काय आहे म्हणाली. म्हटलं, फोटो आहे, पण नीट दिसत नाहीये.

तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि चष्मा न लावता मोठ्याने वाचला. दाखला पतीचा आहे. बाई माझ्यासमोर बसल्या आहेत. मंजूर करू नये. मग तारीख वाचली, वेळ वाचली, आणि त्याच आवाजात मंजूर करणाऱ्याचं नाव वाचलं: अविनाश मनोहर बापट. लग्नाला एकतीस वर्षं झाली. तिने माझं नाव असं तोंडाने घेतलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं.