रानफळाचं सरबत आणि बाबांच्या गोळ्या

दादा,

तू रानफळं तोडायला गेलास, फोन बंद, आणि इकडे बाबा चक्कर येऊन पडले. ते दवाखान्यात आहेत. मी त्यांचे कपडे न्यायला आले, तर तुझ्या कपाटात त्यांच्या रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्या सापडल्या. एकही पट्टी फोडलेली नाही!

"रानफळात सगळी जीवनसत्त्वं असतात, गोळ्या कशाला?" असं तूच त्यांना पढवलंस ना? तुझं सरबत आणि ताजी फळं मी परवा आमच्या प्रयोगशाळेत तपासली. ताज्या फळात क जीवनसत्त्व, अँटिऑक्सिडंट, सगळं भरपूर आहे. तुझ्या बाटलीत नुसती साखर. तीन तास रटरटा उकळल्यावर काय उरणार, तुझी अक्कल? बरंचसं सत्त्व तर सालीत होतं, आणि साली तू मागच्या अंगणात फेकतोस. त्या खाऊन शेजाऱ्यांची शेळी तेवढी टुणटुणीत झाली आहे.

तुला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. चुकलंच माझं.

गोळ्या तिथेच ठेवल्या आहेत, तू स्वतः दवाखान्यात घेऊन ये. बाटली आणलीस तर खिडकीतून भिरकावीन.

बाबा शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "दादाला सांग, त्याच्या सरबतामुळे वाचलो." मी नुसती मान हलवली. खरं काय ते तू सांगायचं आहेस.