गोधडीवरचा पेपर

मॅडम, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. हयातीत भांडले असते तर तुम्ही चष्म्यावरून बघत "आवाज खाली" एवढंच म्हणाला असतात, आणि मी खरोखरच खाली केला असता. उद्या आपल्या नर्सिंग कॉलेजात तुमचा फोटो लागणार आहे. बेघर कुटुंबांवर तुम्ही केलेल्या संशोधनाबद्दल चार शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण तुमचा सामुदायिक आरोग्याचा विषय आता मी शिकवते. त्या कुटुंबांतलं एक माझं होतं, हे तिथं कुणाला ठाऊक नाही. तुम्हालाही कधी कळलं नाही.

क्रांती चौकातल्या पुलाखाली आम्ही राहायचो. फर्दापूरकडून आलेलो. तिकडं बाप लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकायचा. तो गेला आणि माय मला घेऊन शहरात आली, बिगारी कामाला लागली. तुमचा वार गुरुवार. त्या दिवशी माय मजुरी बुडवायची. आदल्या दिवशी नळावर गोधडी धुऊन दुभाजकाच्या जाळीवर वाळत घालायची, कारण पाहुण्याला बसायला द्यावी अशी आमच्याकडे तेवढी एकच वस्तू होती. मग तुम्ही येता, मागं पांढऱ्या कोटातल्या पोरी. माय गोधडी अंथरते, हातानं सुरकुत्या काढते आणि म्हणते, "बसा म्याडम, कालच धुतल्याली हाय." तुम्ही बसत नाही. वर्तमानपत्र काढता, गोधडीवर पसरता, त्यावर तुमची काळी बॅग ठेवता आणि वळून पोरींना सांगता, "लक्षात ठेवा, बॅग कधीही यांच्या वस्तूंवर ठेवायची नाही. मध्ये पेपर हवाच." मायला जणू मराठी कळतच नव्हतं! माय हसली. पेपरचा दुमडलेला कोपरा तिनंच सरळ करून दिला. तिचं ते हसणं मला आजही बघवत नाही.

नियम बरोबर होता, म्हणूनच राग जास्त येतो. एका घरातले जंतू बॅगेबरोबर दुसऱ्या घरात जाऊ नयेत, हे मीही दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगते. पण "ताई, बॅग कुठं ठेवू?" एवढं विचारायला कोणता जंतू आडवा आला होता तुम्हाला?

तुमचा लाडका शब्द सक्षमीकरण. तुम्ही मायला आमच्या वस्तीची आरोग्यप्रमुख केलंत, तिच्या हातात एक नेलकटर दिलंत आणि सांगितलंत, "आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. आपले प्रश्न आपण मांडायचे." माय भोळी, तिनं ते खरं मानलं. रविवारी आम्हा पोरांना रांगेत बसवून नखं काढायची, कुणाला जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी पाजायची, बायांना पुढं घालून सरकारी दवाखान्यात न्यायची. मग कुणी बडा पाहुणा लेणी बघायला येणार म्हणून रस्ते रंगवायला घेतले आणि पुलाखालचं आमचं सामान महापालिकेच्या माणसांनी ट्रकमध्ये भरून नेलं. गोधडीसकट. मायनं चार बाया गोळा केल्या, माझं बोट धरलं आणि थेट तुमचं कॉलेज गाठलं. तुम्ही व्हरांड्यात आलात.

"म्याडम, तुमीच म्हणल्या व्हत्या, बोलत जा. म्हणून आलो. तुमी एक डाव सायबाशी बोला."

"मावशी, आमचा विषय आरोग्य आहे. जागेचा प्रश्न आमच्याकडं येत नाही."

"जागा नाय मागत वो. आमचं सामान तेवढं…"

"ऊन फार आहे. जाताना हे घ्या," असं म्हणून तुम्ही प्रत्येकीच्या हातावर ओआरएसची एकेक पुडी ठेवलीत. माझ्याही. तुमच्याकडून मला मिळालेली ती एकुलती एक भेट.

त्या दिवसापासून माय कुठल्याही साहेबाच्या दारात गेली नाही. रेशनकार्डाचं काम असलं तरी मलाच पुढं करते. बोलायला शिकवलेल्या बाईला तुम्ही एका पुडीत गप्प केलंत, आणि वर्गात मात्र "माझ्या वस्तीतल्या बायका बघा किती धीट झाल्या" हे पुराण लावत राहिलात. मी तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होते. वसतिगृहात राहून, शिकून मी तुमच्याच वर्गात येऊन पोचले होते, आणि वेड्यासारखी वाट बघत होते की कधीतरी ओळखाल. ओळखलं नाहीत. शाब्बास मात्र म्हणालात, एकदाच. पेपरची घडी घालताना जमिनीला लागलेली बाजू आत कशी घ्यायची, ते मी न चुकता करून दाखवलं तेव्हा. कुठं शिकलीस, हे तरी विचारायचं होतंत!

आता माय माझ्याजवळ असते, हर्सूलकडं दोन खोल्यांत. घरात फरशी आहे, सोफा आहे. तरी तिचा बीपी बघायला आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या की ही बाई उठते आणि त्यांच्या आधी स्वतः पेपर अंथरते. "ठेवा बाई, पेपर घातलाय." मी चिडते. "माय, काऊन? आपलं घर हाय हे." ती म्हणते, "असू दे गं. त्यायची बॅग खराब नाय झाली पायजे." तुमच्या संशोधनाचा निष्कर्ष काय निघाला ते मला माहीत नाही मॅडम, माझ्या घरात मात्र हा निघाला. उद्या माइकसमोर हेच सांगावं असं आज सकाळपर्यंत ठरलं होतं.

सकाळी मी विद्यार्थिनींना घेऊन रेल्वे स्टेशनच्या भिंतीलगत राहणाऱ्या कुटुंबांकडं गेले. एका बाईनं गोधडी अंथरली. माझ्या विद्यार्थिनीनं सवयीनं पेपर काढला, तसा मी तिचा हात धरला आणि त्या बाईला विचारलं, "ताई, बॅग कुठं ठेवू?" ती म्हणाली, "ठेवा की हितंच." मी बॅग सरळ गोधडीवर ठेवली. पोरी बघतच राहिल्या. तुमची जिरवली असं वाटून मी दिवसभर खुशीत होते.

संध्याकाळी घरी आले, कपाटातून स्पिरिट आणि कापूस काढला आणि बॅगेचं बूड पुसलं. मग पुन्हा एकदा पुसलं. माय पलीकडं उद्याच्या कार्यक्रमासाठी साडीला इस्त्री करत होती. तुमच्या फोटोला हार घालायला तिला यायचंच आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली.

"अस्संच पायजे. त्या म्याडमवानी."

भाषणाचा कागद अजून कोरा आहे आणि या पत्राला पत्ता नाही, म्हणून सांगून टाकते. माय तसं म्हणाली तेव्हा, घडीभर का होईना, मला बरं वाटलं.