तीन बाटल्यांतली वेगळी

स्टोनी लिक, केंटकी
९ सप्टेंबर १९७४

ती. बाबांस,
व्हर्नाचा सा. न. वि. वि.

खुब्याचं हाड सांधत आलंय आणि तुम्ही खुर्चीत बसून हुकूम सोडता, असं ल्युडीनताईनं कळवलं. म्हणजे तब्येत बरी आहे.

ओढ्याचं पाणी गार झालं, म्हणून व्हिस्कीची भट्टी पेटवली. मका शिजवून त्यात राय धान्य आणि मोडाचे जव घातले. उन्हाळाभर बंद असल्यामुळे आधीच्या घाण्याचं आंबट पाणी नव्हतं, तेव्हा पहिला घाणा त्याशिवाय, गोडाच लावला. आता त्याचंच पाणी विरजणासारखं पुढच्यात घालते. उरलेला चोथा गुरांसाठी गेला. बाई भट्टीत आली की घाणा नासतो, असं आपला जुना कारागीर युएल म्हणाला. कुठलं पीप नासलंय ते दाखवा काका, म्हटलं.

यंदा कुठली पिपं बाटलीत भरायची, हे मालक प्रेविटसाहेब तुमच्या शब्दाशिवाय ठरवणार नाहीत. तीन नमुने पाठवते, नेहमीप्रमाणे निम्मं पाणी घालून. त्यांतले दोन एकाच पिपातले आहेत. वेगळा कोणता, एवढंच कळवा.

ताईला नमस्कार. लोभ आहेच.
व्हर्ना

सिनसिनाटी
१५ सप्टेंबर

चि. व्हर्नास,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजात पोरीला बापाची परीक्षा घ्यायला शिकवतात, हे ठाऊक असतं तर फी भरली नसती. निळ्या दोऱ्याची बाटली वेगळी. गोदामाच्या वरच्या मजल्याचं पीप, जळक्या साखरेचा वास. लाल आणि पांढरी सख्ख्या बहिणी. तिन्ही चांगल्या आहेत, प्रेविटला सांग खुशाल भर. आणि युएलच्या नादी लागू नकोस, तो मलाही असाच छळायचा.

तुझा परीक्षार्थी,
बाबा

स्टोनी लिक
१९ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न.

निळी आणि लाल एकाच पिपातल्या होत्या. पांढरी तळमजल्यावरच्या ओल धरलेल्या पिपाची. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बूच काढताच युएल दारातूनच नाक धरून ओरडला की हे काय मेलंय. चुकणं शक्य होऊ नये, म्हणूनच मी ती निवडली होती.

वसंतात भरलेल्या मालाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा मी बाटल्यांच्या बुचांना दोष दिला. तो माल तुम्ही पसंत केला होता.

कोणालाही सांगितलेलं नाही. उत्तर आलं नाही, असं साहेबांना म्हटलंय. पुन्हा विचारतील तेव्हा तसं म्हणणार नाही. त्याआधी तुम्ही स्वतः लिहावं, असं मला वाटतं.

रागावलात तरी औषध वेळेवर घ्या.
व्हर्ना

सिनसिनाटी
२७ सप्टेंबर

चि. व्हर्नास,
आशीर्वाद.

याआधीचं पत्र फाडलं. ते तुझ्या वाचण्यासारखं नव्हतं.

हिवाळ्यातल्या तापानंतर नाकानं साथ सोडली. येईल परत, म्हणत राहिलो. चव घेताना टेबलाशी मी युएलच्या तोंडाकडे बघायचो. त्यानं नाक मुरडलं की मीही नको म्हणायचो. वसंतात तो बहिणीच्या मातीला गेला होता, आणि मी एकट्यानं माल पसंत केला. सरळ विचारलं असतंस, तर खोटं बोललो असतो. तुला ते ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाहीस.

काल ताईनं रस्सा करपवला. मी बशी पुसून खाल्ली आणि छान झालाय म्हणालो. ती बघतच राहिली. मग तिला सगळं सांगितलं आणि प्रेविटला पत्र टाकलं. चाखणाऱ्याची खुर्ची तुला द्या, असं लिहिलंय.

एक मागतो. कुठलं पीप कसं लागलं, ते मला लिहीत जा. तुझे मोजमापाचे आकडे नकोत.

बाबा

स्टोनी लिक
४ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न.

साहेबांनी होकार दिला. काल मी तुमच्या जागी टेबलाशी बसले. ओलीची पिपं बाजूला काढली. छपराची पन्हळ फुटून ओल खाली उतरत होती, तिचं काम सुरू आहे.

तुम्ही मागितलंत ते मला नीट जमत नाही. आकडे सोपे असतात. तरी लिहिते.

वरच्या मजल्याचं, खिडकीजवळचं पीप: आई पीचचा मुरंबा करायची तेव्हाचा जिना, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. घेतलं.

मधल्या मजल्याचं: नवीन शाळेतलं बाक, पेन्सिलीची साल. अजून एक उन्हाळा हवा.

त्याच रांगेतलं शेवटचं: तुम्ही भट्टीवरून घरी आलात की मला उचलायचात, तेव्हा कोटाच्या कॉलरला यायचा तो वास. घेतलं. युएलला कारण सांगितलं नाही.

बाकीची मंगळवारी.

आपली,
व्हर्ना