किल्लीवाल्यांनी विचारलं, "कधी?"

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण पाठ धरली आहे, तेव्हा स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? बीपीची गोळी वेळेवर घेतेस ना? (मी घेत नाही, पण मला बीपी नाही.) मी मजेत आहे. गेले चार दिवस एका संपूर्ण अनोळखी माणसाच्या घरी राहिलो. लगेच कपाळावर हात मारून घेऊ नकोस, आधी ऐक.

इंटरनेटवर एक मंडळ आहे. सभासदांनी एकमेकांच्या घरी फुकट उतरायचं आणि दुसरा आला की त्याला आपल्या घरी ठेवून घ्यायचं, एवढाच नियम. लॉजमध्ये राहिलं की गाव दिसतं, पण घरात भांडण झालं की आधी कोण बोलतं, हे काही कळत नाही आणि मला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. (लहानपणी मी शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावायचो आणि तू मला कानाला धरून आणायचीस, ते हेच.) आजवर अकरा घरं झाली. सगळीकडे निघताना मिठ्या, फोटो, मी म्हणायचं येतो, त्यांनी म्हणायचं या, की संपलं. नंतर एक फोन नाही. मित्र म्हणावा असा एकही हाताला लागला नाही आणि आत्या, तुलाच सांगतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

बारावं घर एका किल्लीवाल्यांचं. गृहस्थ साठीचे, एकटे, शब्द तोलून बोलणारे. पुढच्या खोलीत किल्ल्या बनवायचं दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड, मध्ये एक पडदा. दारातच म्हणाले, आपलंच घर समजा. आता मी माझ्या घरी काय करतो ते तुला माहीत आहे. तेच केलं. दुसऱ्या दिवशी अकराला उठून जांभई देत पडदा सारला, तर समोर चार गिऱ्हाइकं आणि मी बनियनवर. किल्लीवाल्यांनी कानस खाली न ठेवता सांगितलं, हे आमचे पाहुणे.

दुकानाच्या एका भिंतीवर नुसते खिळे, खिळ्याखिळ्यावर किल्ली, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी. मला कुठलं राहवतंय? विचारलं. तर म्हणे लोक किल्ली करायला टाकतात, संध्याकाळी येतो म्हणतात आणि येतच नाहीत. सगळ्यात जुनी किल्ली एकोणीस वर्षांची. म्हटलं, मग मोडीत का काढत नाही? तर म्हणाले, येतो म्हणालेत ना ते.

त्याच दुपारी कुणाचं तरी अडकलेलं कपाट उघडायला ते गेले. जाताना सांगून गेले, की दाताचे डॉक्टर आणि गाण्याच्या बाई येतील, त्यांच्या किल्ल्या द्या. मी दिल्या. उलट्या. (दोन्ही पितळी होत्या. चिठ्ठी वाचायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) डॉक्टर दवाखान्याबाहेर कुलपाशी झटापट करत उभे, पेशंट मात्र एकदम खुशीत. गाण्याच्या बाईंनी सगळ्या मुलींना जिन्यातच बसवून क्लास सुरू केलेला. मला वाटलं, आता आपलं बोचकं रस्त्यावर. किल्लीवाल्यांनी चपला घातल्या, मला बरोबर घेतलं आणि दोन्हीकडे चूक माझ्या दुकानाची म्हणून सांगितलं. परतताना त्यांना एकदम हसू फुटलं, ते इतकं की रस्त्यात थांबून चष्मा पुसावा लागला. पुढचे दोन दिवस आम्ही नुसते बोलत होतो. शब्द तोलणं वगैरे सगळं खोटं, हा माणूस मलाही बोलू देईना.

आज निघालो. सवयीने म्हटलं, "येतो."

"कधी?" ते म्हणाले.

आत्या, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. हातात पेन्सिल, समोर कोरी चिठ्ठी. कसाबसा म्हणालो, "आधी तुम्ही या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी." त्यांनी ते लिहून घेतलं आणि चिठ्ठी खिळ्याला लावली.

तुझा भाचा,
निवांत (तूच ठेवलेलं नाव)

ता. क. मंडळाच्या पानावर माझं घर म्हणून तुझ्या घराचे फोटो आहेत. गॅलरी, मागची हवेशीर खोली, सगळं छान आलंय. (माझ्या खोलीचं दार उघडलं की पलंगाला आपटतं, फोटो काढायला उभं कुठे राहणार?) तेव्हा किल्लीवाले येतील ते दोन दिवस तू माझ्याकडे राहायला आलेली आहेस, असं धरून चालू. दारावरची आतोबांच्या नावाची पाटी तेवढी काढून ठेव.

ता. ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता राहवलं नाही, किल्लीवाल्यांना फोन लावून खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मी घर बघायला येत नाहीये, तुमच्याकडे येतोय." तेव्हा घर राहू दे, पाटीही राहू दे. फक्त कुणाबरोबर तरी एक गादी पाठव. जुनी नको, चांगली दे. माझ्याकडे कुणी राहायला येण्याची ही पहिलीच वेळ आहे.