बाबांच्या मरणाची बीअर

होर्निंदाल, ३ सप्टेंबर १९६८

ती. आस्लाउगताईस,
धाकट्या ओडवारचा दंडवत. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, बाबा नाताळ बघणार नाहीत. बाबा म्हणाले, ठीक आहे, पण माझ्या मयताची बीअर मी स्वतः चाखल्याशिवाय हलणार नाही. तुमचा काय भरवसा, दुकानातल्या बाटल्या आणून माझी अब्रू घालवाल. घरच्या बीअरशिवाय माणूस पुरला तर आपल्याकडे कुत्र्यासारखा पुरला म्हणतात, ते तुला माहीत आहे. अडचण आपल्या हंड्याची. त्यातून एक पिंपसुद्धा भरत नाही, आणि बाबांनी मयताला अख्खं खोरं बोलावलंय. त्यांना सुखानं जाऊ दे, एवढंच मनात आहे. तू डेअरीत मोठाले हंडे हाताळतेस, काही युक्ती कळव.

लोभ आहेच, त्यात पाणी घालू नये.
ओडवार

बर्गेन, १० सप्टेंबर

चि. ओडवारास आशीर्वाद.

तू रडू नकोस, डेअरीच्या जिन्यात मी दोघांपुरतं रडून घेतलंय. आता ऐक. टपात मोडाचे जव गच्च भर, पाणी कमी घाल, म्हणजे रस दाट निघेल. आंबून झाला की उकळून गार केलेलं पाणी घालून वाढव. चोथा लगेच डुकरांना घालू नकोस. त्यावर पुन्हा कढत पाणी ओत, आणखी एक हंडा निघेल, जरा हलका. वरच्या पाण्याचं बाबांना कळू देऊ नकोस, नाहीतर आजच जातील.

जिवाला जप, बाबांच्याही.
ताई

होर्निंदाल, ६ ऑक्टोबर

ती. ताईस दंडवत.

पिंप काठोकाठ भरलं. यीस्ट टाकताना आरोळी जेवढी मोठी तेवढी बीअर कडक, ही आपली जुनी समजूत, म्हणून बाबा अंथरुणातून असे ओरडले की शेजारच्या रास्मुसची गाय दावं तोडून पळाली. चाखून म्हणाले, बरी आहे, उद्या पुन्हा बघू. मग रोज बघितली. शेवटचं भेटायला आलेल्यांनाही बघायला लावली. डॉक्टरांनी आधी नाडी बघितली, मग बीअर, मग मुक्कामच केला. आता पिंप रिकामं, आणि बाबा मलाच विचारतात, मी आज मेलो तर लोकांना काय पाजशील, ताक? शिवाय ज्याच्याशी जन्मभर भांडले त्या रास्मुसलाही मयताचं आमंत्रण दिलंय, सहकुटुंब. आता अजून जास्त लागणार.

माया आटू देऊ नये.
ओडवार

बर्गेन, १५ ऑक्टोबर

चि. ओडवारास आशीर्वाद.

डेअरीनं मोडीत काढलेला तांब्याचा हंडा मी घेतलाय. एका उकळीत अख्खं खोरं न्हाऊन निघेल. गुरुवारच्या बोटीनं पाठवते. बाबांना सांग, आता काळजी मिटली.

ताई

होर्निंदाल, २ नोव्हेंबर

ती. ताईस दंडवत.

हंडा पोचला. बाबांनी काठीनं वाजवला, आत डोकावले आणि म्हणाले, हं, आता पुरेल. मग भिंतीकडे तोंड करून निजले. जेवले नाहीत, बीअर मागितली नाही, रास्मुसला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. ताई, मला फार भीती वाटली.

सकाळी मी गिरमिट घेतलं आणि तुझ्या हंड्याच्या बुडाला भोक पाडलं. बाबांना सांगितलं, बोटीतच फुटला.

ताडकन उठून बसले. बोटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, तुला भांडी पारखता येत नाहीत म्हणाले, दोन वाडगे खीर खाल्ली आणि जुना हंडा चुलीवर चढवायला लावला. मी म्हणालो, बाबा, ह्यात नाही पुरायची. तर म्हणाले, मग तुला घाई कसली आहे?

नाताळला ये. येताना भांडं आणू नकोस.

तुझा,
ओडवार