मिटायचा राहिलेला कंस

ता. ४ ऑगस्ट

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. दृष्टी गेल्यावरही तू तर्कशास्त्र सोडले नाहीस आणि आता विभागप्रमुख सोपा विषय सुचवतात म्हणून सोडणार? त्यांचा युक्तिवाद तपासू. हा विषय लिहून सोडवावा लागतो. तुला लिहिता येत नाही. सबब तू तो सोडावास. पण अपंग विद्यार्थ्यांचा साहाय्य कक्ष लेखनिक देतो, वाढीव वेळ देतो. मग दुसरे विधान उरते कुठे? विषयबदलाचा अर्ज भरू नकोस.

माझ्या अक्षरापुढे तुझा वाचून दाखवणारा फोनही हात टेकतो असे कळले, म्हणून हे टंकलिखित.

लोभ आहेच, तो वाढेल असे वाग.

आत्या

ता. १२ ऑगस्ट

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, आणि एक तक्रार.

फोनने तुझे पत्र दवंडीसारखे वाचले. शेजारच्या खोलीतल्या मुलीला तुझे म्हणणे पटले, मला नाही. काल सराव परीक्षा झाली. लेखनिक म्हणून ऐन वेळी एक मुलगी आली, बिचारी भूगोलाची. चिन्हे समजावण्यातच निम्मा वेळ गेला. कंस कुठे उघडला, कुठे मिटला, हे तिला ऐकून कळेना. सिद्धता माझ्या डोक्यात लख्ख होती. कागदावर गिचमीड उतरली. नापास. चूक तिची की माझी, तेही कळले नाही. सोमवारी अर्ज देते. रागावू नकोस.

तुझी भिंगरी

ता. १५ ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद.

रागावले नाही, प्रयोग केला. डोळे मिटून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बसचालकांना एक सिद्धता सांगितली. जन्मभर वर्गात शिकवलेलीच. तिसऱ्या ओळीला सगळे रुळावरून घसरले. ते म्हणाले की बाई, तुम्ही वळण घेता, पण हात दाखवत नाही. माझेच विधान सदोष होते : लेखनिक मिळणे म्हणजे लिहिता येणे नव्हे.

सोमवारी अर्ज दे. पण साहाय्य कक्षाकडे. तीच मुलगी आतापासून सरावाला हवी, एवढेच माग. कारण असे लिही : इतरांना त्यांचा हात वर्षभर सरावाला मिळतो, माझा हात मला परीक्षेच्या सकाळीच का मिळावा? त्यांनी नाकारले तर खुशाल विषय बदल. मी पुन्हा वाद घालणार नाही.

आत्या

ता. २ डिसेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझे ते वाक्य कक्षातल्या बाईंनी मला पुन्हा म्हणायला लावले आणि सही केली. मग ती भूगोलाची मुलगी आणि मी रोज संध्याकाळी सरावाला बसू लागलो. खूण ठरली : कंस उघडताना मी टेबलावर एकदा टकटक करायची, मिटताना दोनदा. त्या आवाजाची परीक्षेत तक्रार झाली. आम्हाला जिन्याखालची वेगळी खोली मिळाली.

पास झाले. एक सिद्धता मात्र गेली. शेवटचा कंस मिटायला मीच विसरले. तिची लेखणी थांबली, तिला कळले होते. पण नियमाप्रमाणे ती काही बोलली नाही, मी सांगितले तेवढेच तिने लिहिले. बाहेर येऊन ती रडली. मी तिला जवळ घेतले. तिला कसे सांगू, आत्या? किती दिवसांनी कागदावर एक चूक उतरली होती, जी निखळ माझी होती.

पुढच्या सत्रालाही हाच विषय घेतला आहे. लोभ असू दे. वादही असू दे.

तुझी भिंगरी